जलरंगातला पाणक्या

जलरंग हा स्वस्तातला छंद आहे असं जो सांगतो, तो एकतर कधी रंगांच्या दुकानात गेलेला नसतो किंवा त्याचं स्वतःचं रंगांचं दुकान असतं. कागद, ब्रश, रंग आणि पाणी, बस, एवढंच तर लागतं, हे त्याचं पालुपद. यातल्या पहिल्या तीन गोष्टी आमच्या घरात बायको आणते. चौथी माझ्याकडे आहे. ती चित्रकार आणि मी पाणक्या, अशी निवृत्तीनंतर आमच्यात कामाची वाटणी झाली. बढतीची आशाच नसलेलं काम किती निवांत असतं, हे मला नोकरीत कधी कळलं नव्हतं.

पुण्यात रविवारी चित्रं काढणाऱ्या मंडळींचा तिचा एक गट आहे. एरवी ही मंडळी जुने वाडे, देवळं, नदीवरचे पूल यांच्या मागे लागलेली असतात. थंडी पडली की त्यांना समुद्र लागतो. मग गाड्या भरून दापोलीजवळच्या हर्णैला मुक्काम. हर्णैच का, तर चित्रकाराला लागणारं सगळं तिथे एका नजरेत मावतं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे होड्यांची दाटी, त्यांच्यावर फडफडणाऱ्या पताका, वाळूत कलंडलेला एखादा मचवा, वाळत घातलेली जाळी, कनकदुर्गावरचा दीपस्तंभ आणि मासळीचा लिलाव. होड्यांमधली मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या थेट पाण्यात उतरतात. बैल पोटापर्यंत समुद्रात आणि गाडीवान वर ताठ उभा. हे बघून ज्याचा हात शिवशिवत नाही तो कसला चित्रकार! माझा हात त्या वेळी पाच लिटरच्या कॅनला धरून असतो.

“एवढा समुद्र समोर पडलाय आणि तुम्ही पाणी घेऊन आलात?” हा प्रश्न प्रत्येक किनाऱ्यावर कोणीतरी विचारतंच. उत्तर मला आता पाठ आहे. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. खाऱ्या पाण्यात कालवलेला रंग कागदावर लागतो, पण समुद्राकाठच्या दमट हवेत नीट वाळत नाही, आणि वाळला असं वाटलं तरी हवा सर्द झाली की पुन्हा ओलसर होतो. म्हणून गोडंच पाणी हवं. विचारणारा मान डोलावतो. तेवढ्यात शेजारच्या बाई पर्समधून मिठाची पुडी काढतात आणि ओल्या रंगावर चिमूटभर भुरभुरवतात. मिठाचा कण भोवतालचं रंगीत पाणी स्वतःकडे खेचतो, रंग सरकतो, आणि वाळल्यावर मीठ झटकलं की खडकावर शेवाळाचे पांढुरके ठिपके उमटलेले दिसतात. विचारणारा माझ्याकडे बघतो. आता मी त्याला काय सांगणार? मीठ चालतं, पण ते घरचं असावं लागतं.

बरं, पाणी आणलं की काम संपलं असंही नाही. भांडी दोन लागतात. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं चोख पाणी रंग कालवायला. हा नियम चित्रकला शिकवणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी सांगतो आणि गटातला प्रत्येक जण अर्ध्या तासात मोडतो. मग दोन्ही भांडी सारखीच गढूळ, आणि “अहो, पाणी!” अशी हाक. ती मलाच असते असं नाही. गटातल्या बाकीच्या सात जणांनीही मला हळूहळू आपला मानून टाकलं आहे.

ब्रशांची तर एक वेगळीच कथा. सगळ्यात उत्तम ब्रश म्हणे कोलिन्स्की सेबलचा. तो सायबेरियाकडच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. पोटात भरपूर पाणी धरतो आणि टोक सुईचं ठेवतो. आपल्याकडे खुद्द मुंगसाच्या केसांचे ब्रश मिळायचे. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद आहेत, आणि ते बरंच झालं. आमच्या गटात चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या एक बाई आहेत. त्या कोलिन्स्कीचा ब्रश इतक्या जपून, दोन बोटांत धरतात की शेपटीच्या मालकाला कळू नये. अलीकडे त्यांनी सिंथेटिक ब्रश घेतला. तो निष्पाप आहे, स्वस्तही आहे, पण पाणी कमी धरतो. म्हणजे तो सारखा भांड्यात बुडवावा लागतो, म्हणजे पाणी लवकर गढूळ होतं, म्हणजे मी.

कागद तीनशे जीएसएमचा, शंभर टक्के कापसाचा. आमच्या घरात सुती साड्याही आहेत आणि सुती कागदही, आणि हल्ली कपाटात वरचा, कोरडा, मानाचा कप्पा कागदाला मिळाला आहे. कारण पावसाळा. या कागदाला सरसाची खळ दिलेली असते, म्हणून रंग वरच्यावर राहतो. दमट हवेत ही खळ जागोजागी खराब होते. वरून कागद पांढराशुभ्र, काही कळत नाही. ब्रश फिरवला की मग आकाशाच्या मधोमध रंग टीपकागदात मुरावा तसा आत जातो आणि गडद डाग उठतात. यावर उपाय म्हणून बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नये’ असं लिहिलेल्या ज्या पांढऱ्या पुड्या निघतात त्या मी साठवतो आणि कागदाच्या पिशवीत टाकतो. नातेवाइकांनी नवे बूट घेतल्याचा निर्मळ आनंद होणारा मी आमच्या कुळातला एकटाच असेन.

पण मुख्य अडचण समुद्राच्या रंगाची आहे. समुद्र निळा असतो ही गोष्ट आपल्याला बालवाडीत सांगितली जाते आणि नंतर ती कोणी मागे घेत नाही. कोकणचा समुद्र निळा असण्याचं प्रमाण तालुक्यागणिक बदलतं. खंबायतच्या आखाताकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो, मुंबईत उधाणाला तो पाचेक मीटरपर्यंत असतो, आणि गोव्याकडे जाता जाता दोन-अडीच मीटरवर येतो. पाणी जितकं वर-खाली होणार तितका तळचा गाळ ढवळला जाणार. त्यात सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या पावसाळ्यात डोंगरांची तांबडी माती आणून ओततात ती वेगळीच. त्यामुळे डहाणू-अलिबागकडे समुद्र मातकट, दापोली-गुहागरला करडा-हिरवा, आणि खाली मालवण-तारकर्लीला जाऊन तो एकदाचा शाळेतल्या पुस्तकाशी जुळतो. हर्णैला सकाळी पाणी कोणत्या रंगाचं आहे, यावर गटात रोज वाद होतो. एक जण म्हणतात राखाडी, दुसऱ्या म्हणतात शेवाळी, आणि रंगवतात सगळे निळं. कारण डबीत निळ्या रंगाच्या चार ट्यूबा असतात आणि त्यांचे पैसे दिलेले असतात.

त्यातल्या अल्ट्रामरीन निळ्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. हा रंग पूर्वी अफगाणिस्तानात बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्दी दगडापासून करत आणि तो भयंकर महाग असे. १८२४ साली फ्रान्समध्ये तो कारखान्यात स्वस्तात करून दाखवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं गेलं आणि १८२८ साली ते गीमे नावाच्या रसायनतज्ज्ञाने मिळवलं. त्यानंतर तो इतका स्वस्त झाला, की धोतरं आणि सदरे पांढरे दिसावेत म्हणून द्यायच्या निळीच्या पुडीत जाऊन बसला. म्हणजे आमच्या आजोबांच्या धोतरात आणि बायकोच्या समुद्रात एकच रंग. फरक एवढाच, की धोतर त्याने पांढरं दिसायचं.

हर्णैच्या पाण्याचा हुबेहूब रंग मला सापडला तो पॅलेटवर सापडला नाही. दोन तास आठ जणांचे ब्रश धुऊन झालेल्या भांड्यात तो होता. थोडा निळा, थोडा तांबूस सिएना, थोडा हिरवा, वर कोणाचा तरी सांडलेला चहा. मी ते भांडं समुद्रासमोर धरून पाहिलं. तंतोतंत! मी ते ओतायला निघालो तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, थांबा, ते टाकू नका.” तिने त्याच पाण्याचा एक पातळ थर होड्यांखालच्या पाण्यावर दिला, आणि इतका वेळ कागदावर तरंगणाऱ्या होड्या पहिल्यांदा पाण्यात बसल्या. त्या दिवसापासून मी गढूळ पाणी फेकण्याआधी विचारतो. चौघांनी तरी “राहू दे” असं सांगितलं आहे.

निळ्याचं काही तरी जमतं. खरी पंचाईत पांढऱ्याची. आपण सगळे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेली माणसं. स्मरणचित्र काढायचं, त्यात पोस्टर कलर थापायचा, शेवटी पांढऱ्याने धोतराच्या चुण्या, बगळे आणि शर्टाची बटणं काढायची, ही आपली रीत. जलरंगात ती चालत नाही. इथे फिकटाकडून गडदाकडे जायचं, आणि पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद. पांढऱ्या रंगाची ट्यूब मिळत नाही असं नाही. विन्सर आणि न्यूटन या लंडनच्या मंडळींनी १८३४ सालीच चायनीज व्हाइट बाजारात आणला. पण कट्टर जलरंगवाल्यांच्या गटात ती ट्यूब काढणं म्हणजे वारकऱ्यांच्या पंगतीत सुकटीचा डबा उघडणं आहे. सगळ्यांकडे ती असते. कोणीही काढत नाही. जेवणाच्या सुट्टीत आडोशाला जाऊन दोन-तीन जण लाटांना फेस आणून येतात, ते मी पाहिलेलं आहे. पाणक्या सगळीकडे हिंडत असतो, त्याला सगळं दिसतं.

फेस मुळात सोडायचा असतो. भोवती रंग लावत जायचं आणि फेसाच्या जागी हात आवरायचा. तसंच होडीचा उन्हातला काठ, कोळणीच्या डोक्यावरच्या पाटीची कड, ओल्या वाळूवरची चमक. चित्र काढायला बसायच्या आधी काय काढायचं नाही याचा हिशेब. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर हे या हिशेबातले फार मोठे सावकार. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जे प्रसिद्ध चित्र आहे ते पुष्कळांना तैलरंगातलं वाटतं, कित्येकांना रविवर्म्याचंही वाटतं. ते जलरंगातलं आहे. खोडायची, वरून थापायची सोय नसलेल्या माध्यमात असा उजेड आणणारा माणूस मुळात कोकणातला, याचा मला अभिमान आहे. कोकणी माणूस खर्च करताना हात आवरतो असं लोक म्हणतात; इथे त्याचा उपयोग झाला.

हा हात आवरणं मी अगदी जवळून बघितलेलं आहे. सुवर्णदुर्गाच्या अलीकडे पाण्यावर ऊन चमकत होतं. बायकोने ब्रश गडद निळ्या-करड्यात भरला, मग फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा केला. आता भरलेला रंग पुसायचा कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. तिने ब्रश आडवा धरला आणि कागदावरून झपकन डावीकडून उजवीकडे ओढला. खरबरीत कागद तो. त्याच्या उंचवट्यांना रंग लागला आणि मधल्या खोलगट जागा कोऱ्या राहिल्या. एका फटक्यात पाण्यावर हजार ठिकाणी ऊन चमकायला लागलं. मी म्हणालो, “वा! अजून एकदा फिरव ना.” तिने ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात त्या नजरेचा अर्थ मला चांगलाच ठाऊक झालेला आहे. मी पाणी आणायला गेलो.

अजून एकदा फिरव, हे वाक्य किनाऱ्यावर मी एकटाच बोलतो असं नाही. जो मागे येऊन उभा राहतो तो हेच बोलतो. आभाळ अजून थोडं करा. इथे एक माड टाका. पक्षी नाहीत का? पक्षी हवेतच! आपल्या महाराष्ट्रात दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, झोपडी, नदी आणि वर चार ‘व्ही’ काढल्याशिवाय निसर्ग पूर्ण होत नाही. एक गृहस्थ तर बराच वेळ बघून म्हणाले, “छान आहे. पूर्ण केव्हा होणार?” चित्र तेव्हा सही करून, वाळवून झालेलं होतं. पुण्याचे मिलिंद मुळीक यांची जलरंगाची पुस्तकं गटातल्या प्रत्येकाच्या घरी आहेत. ती वाचल्यावर सगळं सोपं वाटतं, एवढाच त्या पुस्तकांचा दोष. पुस्तकात वारा नसतो आणि मागे उभी राहणारी माणसं नसतात.

क्षितिजाचं म्हणाल तर ती एकच सरळ रेघ आहे आणि तीच कोणाला सरळ येत नाही. जरा जरी कलली तरी समुद्र चित्रातून सांडायला लागतो. शिवाय क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर. स्टुलावर बसलेल्या माणसाला ते साधारण चार किलोमीटरवर दिसतं, उभं राहिलं की पावणेपाचच्या आसपास जातं. त्यामुळे बसून चित्र सुरू करायचं आणि मधेच “हे काय काढलंय तुम्ही!” असं म्हणत शेजाऱ्याशी वादाला उभं राहायचं, की समुद्र पाऊण किलोमीटर मागे सरकलाच. किल्ल्याचे तटही क्षितिजाच्या हिशेबात खाली-वर होतात. आमच्या गटातल्या काही चित्रांत सुवर्णदुर्ग आभाळात गेला आहे, तो वादांमुळे.

आणि भरती. हे शहाणेसुरते लोक निघण्याआधी मोबाइलवर सूर्योदय बघतात, ढग बघतात, हॉटेलात गरम पाणी आहे का बघतात. तिथी कोणी बघत नाही. किनाऱ्यावरच्या पोराटोरांना ठाऊक असलेला आडाखा असा: तिथीला पाऊण पटीने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. थोडं इकडेतिकडे होतं, पण भिंतीवरच्या कालनिर्णयावर काम भागतं. आमची मंडळी नेमकी पौर्णिमेला साडेसात वाजता वाळूत स्टुलं मांडून बसली. ओहोटी उलटून गेलेली, पण होड्या अजून वाळूवर मस्त कलंडलेल्या, खाली ओल्या वाळूत त्यांच्या सावल्या. जो तो खूश. नऊ वाजेतो पाणी होड्यांपाशी आलं. कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ झाल्या आणि हलायला लागल्या. अर्ध्या चित्रात होडी कलंडलेली, अर्ध्यात उभी. “ही मॉडेलं हलतात!” असं एक काका वैतागून म्हणाले. दहा वाजता पाणी त्यांच्या स्टुलाशी आलं, आणि पौर्णिमेचं उधाण काही विचारून येत नाही. त्या दिवशी पाणी आणायला मला कुठे जावंच लागलं नाही, फक्त ते खारं होतं.

दहा-अकराच्या पुढे वाराही फिरतो. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळपर्यंत पडतो, जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो. मग टोप्या, टिश्यू पेपर आणि कधीकधी आख्खी चित्रं सुरूच्या बनाकडे धावतात आणि त्यांच्यामागे मी. ओल्या कागदावर बारीक वाळू येऊन बसते ती कायमची. एका चित्रात तर वाळूच्या जागी खरीच वाळू चिकटली आहे. ते चित्र घेणाऱ्या बाईंनी ‘टेक्स्चर’ किती सुरेख आहे म्हणून वर शंभर रुपये जास्त दिले.

खरे टीकाकार मात्र होडीवालेच. एकदा एक म्हातारे नाखवा बराच वेळ एका चित्रामागे हात बांधून उभे होते. मग त्यांनी चित्रातल्या एका होडीवर बोट ठेवलं. रंग ओला होता, पण ते असो.

“ही होडी उलटी का?”

“कम्पोझिशनसाठी,” चित्रकार म्हणाले.

“कशासाठी का असंना. भरती आत येते आहे. सगळ्या होड्या नाळ समुद्राकडे करून नांगरावर उभ्या आहेत. ही एकटीच गावाकडे तोंड करून. म्हणजे हिचा नांगर तुटलाय.”

चित्रकारांनी समोर पाहिलं. खरंच सगळ्या होड्या एका दिशेला तोंड करून होत्या. चित्रातली होडी दर क्षणाला खडकाकडे चालली होती, आणि जलरंगात ती वळवायची सोय नव्हती. नाखवा शांतपणे म्हणाले, “माणूस तरी द्या तिच्यावर.” मग चित्रकारांनी त्या होडीवर दोरी ओढणारा एक खलाशी काढला. प्रदर्शनात त्याच चित्रासमोर लोक सगळ्यात जास्त थांबले, आणि त्या खलाशाची धडपड किती जिवंत आहे यावर एका पाहुण्यांनी चार मिनिटं भाषण केलं.

चौकशीलाही माणूस येतो. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली आणि २००८ साली अतिरेकी समुद्रातून मुंबईत आले, तेव्हापासून किल्ल्याकडे टक लावून कागदावर काही तरी काढणाऱ्या अनोळखी माणसांना पोलीस विचारतात, आणि विचारायलाच हवं. कारण जलरंगाचा इतिहास काही फार सोज्वळ नाही. इंग्रजांच्या लष्करी शाळांत जलरंग शिकवत ते शत्रूचा मुलूख, किनारा, तटबंदी बिनचूक टिपता यावी म्हणून. लंडनजवळ वूलिचच्या शाळेत १७६८ पासून चित्रकला शिकवायला पॉल सँडबी होता, तो इंग्रजी जलरंगाच्या बापजाद्यांपैकी एक. त्याच वूलिचजवळच्या टेकडीवर १७८४ साली एक बुरूज बांधला गेला, त्याचं नाव ‘सेव्हर्नड्रूग’. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. १७५५ मध्ये तो जिंकणाऱ्या कमोडोर जेम्सच्या आठवणीसाठी त्याच्या विधवेने तो बुरूज बांधला. तेव्हा आमच्या गटाकडे संशयाने बघण्याला दोनशे-अडीचशे वर्षांचा आधार आहे.

त्या पोलीस शिपायाने आमची आठही चित्रं क्रमाने पाहिली. किल्ला एकात डावीकडे होता, एकात उजवीकडे, एकात दोन होते. दीपस्तंभ तिघांनी गाळला होता, एकाने सोयीसाठी माडाच्या मागे नेला होता. शिपाई हसून म्हणाला, “काढा, काढा. यावरून कोणाला काही सापडायचं नाही.” बरोबरच होतं. आमच्या चित्रांवर भरवसा ठेवून निघालेलं आरमार सरळ आंजर्ल्याच्या खाडीत जाऊन गाळात रुतलं असतं.

वाळताना जलरंग फिका पडतो, हे चित्रकारांना ठाऊक असतं आणि तरी दरवेळी धक्का बसतो. ओलं असताना जे आभाळ गडगडत असतं ते घरी पोचेपर्यंत दोन धुण्यांनंतरचा सदरा झालेलं असतं. मग त्याला पांढरी पट्टी, काच आणि चौकट, आणि ते दिवाणखान्यात. पाहुणे येतात, चहा घेतात, चित्राकडे बघतात आणि विचारतात, “गोवा का?” बायको सांगते, हर्णै. “पण किती निळं आलंय!” तेव्हा माझी छाती जरा फुगते. निळं तिचं, पण त्यातलं करडं माझ्या भांड्यातलं आहे.

तर वाचकहो, थंडीत कोकणात गेलात आणि किनाऱ्यावर कोणी चित्र काढताना दिसलं तर जरूर थांबा. वाऱ्याच्या बाजूला उभे राहा, उजेडाच्या बाजूला नको. पक्षी सुचवू नका. “अजून एकदा फिरवा” हे तर मुळीच म्हणू नका. आणि तुमच्या बाटलीत थोडं गोडं पाणी उरलं असेल तर स्टुलापाशी ठेवून जा. पाणक्या मागे सुरूच्या सावलीत झोपलेला असेल, त्याला उठवू नका.